दगड आणि हिरवळ : दिल्लीतील एका पायपिटीचा अभ्यास

दिल्ली पाहून आलेल्या मनुष्यास लोक एकच प्रश्न विचारतात : काय काय पाहिले? तोही लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट अशी पाच-सात नावे सांगून मोकळा होतो. आमच्या इतिहास विभागाच्या अभ्यास-सहलीहून परतल्यावर मलाही हा प्रश्न घरी, शेजारी आणि वाचनालयात विचारण्यात आला. उत्तर देताना माझी थोडी पंचाईत झाली. कारण माझ्या वहीत इमारतींपेक्षा गवताच्याच नोंदी अधिक होत्या.

याचे मूळ आगगाडीत आहे. भुसावळ सोडल्यावर आमचे सर म्हणाले होते, "दगड कुणी रचले, हे पाटीवर लिहिलेले असते. ते उतरवून घेण्यासाठी दिल्लीला जाण्याची गरज नाही. त्या दगडाभोवतीची हिरवळ कुणी लावली आणि ती लावण्यापूर्वी तिथे काय होते, हे पाटीवर नसते. ते विचारा." आम्ही माना डोलावल्या. गवताला विचारायचे काय, असा प्रश्न त्या वेळी माझ्या मनात आला होता, हे प्रांजळपणे सांगतो. तीन दिवस पायी हिंडल्यावर तो प्रश्न उरला नाही. त्या तीन दिवसांत जे पाहिले व त्यासाठी मागाहून जे वाचले, त्याची ही मांडणी आहे.

पहिल्या दिवशी सकाळी हुमायूनच्या मकबऱ्यापासून आरंभ केला. पौषातील थंडी, धुक्यात बुडालेला घुमट आणि पायांखाली दवाने भिजलेले गवत. आपण ज्याला बाग म्हणतो ती येथे इमारतीची शोभा नव्हे. इमारत आणि बाग या दोहोंचा विचार एकाच वेळी झालेला आहे. यालाच चारबाग म्हणतात. पाण्याच्या पाटांनी जमिनीचे चार भाग करावयाचे, त्यांचे पुन्हा लहान लहान चौकोन पाडावयाचे आणि मध्यभागी मुख्य वास्तू उभी करावयाची. ही पद्धत इराण व मध्य आशियातून आली. बाबराला बागांचे विलक्षण वेड होते आणि हिंदुस्थानात वाहते पाणी नाही म्हणून तो कष्टी असे. त्याच्या मुलाच्या कबरीभोवती मात्र पाट खेळवले गेले. इसवी सन १५७० च्या सुमारास ही वास्तू पूर्ण झाली. हिंदुस्थानातील मोगलांच्या भव्य उद्यान-समाध्यांची ही पहिली, आणि ताजमहालाच्या आधीची एक मोठी पायरी समजली जाते.

इथवर सर्व पाठ्यपुस्तकात आहे. पुढचे गवताने शिकवले. आपण जी बाग पाहतो ती अकबराच्या काळापासून अखंड चालत आलेली आहे, असा माझा समज होता. तो साफ चुकीचा ठरला. बादशाहीची रया गेली तसे पाटांचे पाणी आटले आणि त्या चौकोनांत लोक भाजीपाला पिकवू लागले. १८५७ च्या सप्टेंबरात बहादूरशहा जफर याच मकबऱ्यात आश्रयास आला आणि येथेच पकडला गेला. त्यानंतर इंग्रजांनी चौकोनी आखणी मोडून आपल्या पद्धतीचे गोल वाफे केले. पुढे कर्झनच्या कारकिर्दीत मूळ आखणी परत आणण्याचा प्रयत्न झाला. आणि मग आले १९४७. फाळणीच्या वेळी येथे आणि जवळच्या पुराण्या किल्ल्यात निर्वासितांच्या छावण्या पडल्या. प्रथम पाकिस्तानात जाण्यासाठी थांबलेली दिल्लीची मुसलमान कुटुंबे, नंतर पश्चिम पंजाबातून आलेली हिंदू व शीख कुटुंबे. ज्या हिरवळीवर आम्ही डबे उघडून बसलो होतो, तिथे चुली पेटल्या होत्या. बागेची नासधूस झाली असे सर्वत्र लिहिलेले आढळते. तसे झाले हे खरेच. पण ज्यांना डोक्यावर छप्पर नव्हते त्यांच्या संदर्भात 'नासधूस' हा शब्द वापरताना माझी लेखणी अडखळते.

सांप्रतची बाग १९९७ ते २००३ या काळात आगाखान संस्कृती न्यास आणि पुरातत्त्व खाते यांनी मिळून पुन्हा घडविलेली आहे. पाट खणून काढले, त्यांना अगदी मंद उतार दिला आणि त्यांत पुन्हा पाणी वाहू लागले. म्हणजे दगड साडेचारशे वर्षांचा, तर गवत जेमतेम आमच्या वयाचे. ही नोंद मी वहीत ठळक अक्षरांत केली, कारण पुढील सर्व ठिकाणी ती उपयोगी पडणार होती.

शेजारीच सुंदर नर्सरी आहे. नवी दिल्ली वसविताना रस्त्यांच्या दुतर्फा लावावयाच्या झाडांची रोपे येथे तयार करीत, ती येथे तगतात की नाही हे पाहत. २०१८ पासून ते सर्वांसाठी खुले उद्यान आहे. राजधानीच्या सावलीचे हे आजोळ म्हणावयास हरकत नाही. परंतु वेळ थोडा होता म्हणून आम्ही तेथून लवकर निघालो.

दुपारी लोदी उद्यानात गेलो. येथे हुमायूनच्या मकबऱ्याच्या नेमका उलट प्रकार दिसतो. तेथे दगड आणि बाग जुळी भावंडे आहेत. येथे दगड पंधराव्या-सोळाव्या शतकातले आणि बाग विसाव्या शतकातली. सय्यद घराण्यातील मुहम्मदशहाची अष्टकोनी कबर, १५१७ साली वारलेल्या सिकंदर लोदीची तटबंदीच्या आतली कबर, आणि त्यांच्यामध्ये बडा गुंबद व शीश गुंबद. यांपैकी बड्या गुंबदात कबरच नाही. तो कशासाठी बांधला याविषयी विद्वानांत एकमत नाही. त्याला लागून असलेल्या मशिदीवर १४९४ हे साल मिळते, एवढाच काय तो आधार. शीश गुंबदात कबरी आहेत, पण त्या कुणाच्या हे ठाऊक नाही. कधी काळी निळ्या कौलांनी तो झळकत असे. आता पट्टी-पट्टीने थोडा निळा रंग शिल्लक आहे. एवढा मोठा घुमट उभारावा आणि नाव मात्र राहू नये, हा दिल्लीचा स्वभावच दिसतो.

उद्यान इतके सुंदर आहे की टीका करण्याचे धैर्य होत नाही. तळे, बांबूची बेटे, सकाळ-संध्याकाळ फिरावयास येणारे वृद्ध, कोपऱ्यात बसलेली जोडपी, क्रिकेट खेळणारी मुले. आम्हीही तास-दीड तास पाय पसरून पडलो. मात्र सरांचा प्रश्न आठवला : हिरवळीच्या आधी काय होते?

हिरवळीच्या आधी खैरपूर होते. या कबरींच्या भोवती आणि आसऱ्याने एक गाव नांदत होते. दिल्ली राजधानी झाल्यावर नव्या शहराच्या बंगल्यांना शोभेल अशी बाग हवी होती. गावकऱ्यांना उठविण्यात आले, घरे पाडली, आणि ९ एप्रिल १९३६ रोजी व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावाने 'लेडी विलिंग्डन पार्क' उघडण्यात आले. स्वातंत्र्यानंतर त्याचे लोदी उद्यान झाले. १९६८ साली वास्तुरचनाकार जोसेफ स्टाइन आणि उद्यानरचनाकार गॅरेट एक्बो यांनी त्याला आजचे रूप दिले. एका दगडी प्रवेशद्वारावर लेडी विलिंग्डनचे नाव आणि तारीख आजही स्वच्छ वाचता येते. खैरपूरच्या नावाची पाटी मी सबंध उद्यानात शोधली. मला तरी ती आढळली नाही.

खैरपूर एकटे नव्हते. पुराण्या किल्ल्याच्या तटबंदीच्या आत इंद्रपत नावाचे गाव विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत होते. तेही हलविले गेले. राष्ट्रपती भवन ज्या टेकडीवर आहे ती रायसिना, आणि मालचा, ही खेडी नव्या राजधानीसाठी संपादन करण्यात आली. आपण ऐतिहासिक वास्तूभोवती मोकळी हिरवळ पाहतो तेव्हा ती तशीच असावयाची, असे आपल्याला वाटते. वस्तुतः स्मारकाला लोकांपासून वेगळे काढून गवताच्या चौकटीत बसविण्याची ही दृष्टी इंग्रजांची आहे. कर्झनच्या काळी, १९०४ च्या प्राचीन स्मारक कायद्यापासून, ती सरकारी शिस्त बनली. तिने पुष्कळ वास्तू वाचल्या, हे नाकारता येणार नाही. चुलीच्या धुराने काळवंडलेल्या भिंती कुणाला हव्या आहेत? पण वास्तू वाचवताना तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली माणसे इतिहासात मोडत नाहीत, असे जे गृहीत धरले गेले, ते मला पटत नाही. सिकंदर लोदी मेल्यावर चारशे वर्षे त्याच्या कबरीला सोबत कुणाची होती? खैरपूरच्या गुराख्यांचीच असणार.

यावर माझ्या एका वर्गमित्राने हरकत घेतली. तो म्हणाला, "तू तिथे गवतावर लोळलास ना? मग आता खैरपूरसाठी अश्रू कशाला?" त्याच्या बोलण्यात तथ्य होते. मी अश्रू ढाळले नाहीत, पण त्याचे उत्तरही दिले नाही.

दुसरा दिवस इंडिया गेट आणि त्याच्यासमोरील मार्गासाठी होता. पहिल्या महायुद्धात व तिसऱ्या अफगाण युद्धात कामी आलेल्या हिंदी सैनिकांचे हे स्मारक. कोनशिला १९२१ साली बसली, उद्घाटन १९३१ च्या फेब्रुवारीत झाले. रचनाकार एडविन लट्येन्स, उंची ४२ मीटर. तेरा हजारांहून अधिक नावे दगडात कोरलेली आहेत. मान वर करून ती वाचण्याचा प्रयत्न केला तर मान दुखते, नावे संपत नाहीत. आपल्याकडच्या घरांतून त्या युद्धात गेलेल्यांपैकी अनेक जण मेसोपोटेमियात पडले. पुणे डिव्हिजन म्हणून ओळखले जाणारे सैन्य, आणि त्यात मराठा पलटणी, कुत येथे वेढ्यात सापडून १९१६ च्या एप्रिलअखेर शरण गेले. त्या रणांगणावर पडलेल्यांची नावे शोधावयाची तर बसऱ्याच्या स्मारकाकडे जावे लागते. दिल्लीची कमान सर्वांची आहे, पण सर्वांची नावे तिच्यावर नाहीत.

कमानीखालची अमर जवान ज्योत २६ जानेवारी १९७२ पासून तेवत होती. २१ जानेवारी २०२२ रोजी ती जवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या ज्योतीत विलीन करण्यात आली. हे नवे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले. त्याचे मला विशेष वाटले ते असे की त्यात इंडिया गेटएवढे उंच काहीच नाही. जमिनीच्या पातळीखाली उतरत जाणारी समकेंद्री वर्तुळे, ग्रॅनाइटच्या लहान लहान विटांवर पंचवीस हजारांहून अधिक हुतात्म्यांची नावे, आणि सर्वांत बाहेरचे 'रक्षक चक्र' झाडांचे. सीमेवर जागत्या असलेल्या सैनिकांसाठी दगड न वापरता झाडे वापरली आहेत. मेलेल्यांना दगड आणि जिवंतांना झाड, ही वाटणी ज्याला सुचली त्याचे कौतुक वाटते.

इंडिया गेटच्या पाठीमागे दगडी छत्री आहे. तिच्याखाली पंचम जॉर्जचा संगमरवरी पुतळा होता. १९६८ साली तो हलवून शहराच्या उत्तरेस कोरोनेशन पार्कमध्ये नेला. ज्या मैदानावर १२ डिसेंबर १९११ रोजी याच राजाने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस आणण्याची घोषणा केली, त्याच मैदानावर त्याची रवानगी झाली, हा काव्यगत न्याय खराच. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे छत्री रिकामी राहिली. तेथे गांधीजींचा पुतळा बसवावा असे अनेकदा सुचविले गेले, वाद झाले, काही ठरले नाही. ८ सप्टेंबर २०२२ रोजी तेथे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा काळ्या ग्रॅनाइटचा २८ फूट उंचीचा पुतळा उभा राहिला, आणि त्याच दिवसापासून राजपथाचे नाव कर्तव्य पथ झाले.

येथे सर आणि आमच्यांतील काही जण यांच्यात वाद झाला. सरांचे म्हणणे असे की रिकामी छत्री हेच दिल्लीतले उत्तम स्मारक होते. साम्राज्य गेले, ही गोष्ट एवढ्या थोड्या खर्चात दुसऱ्या कशाने सांगितली असती? आमच्यातील एक मुलगी म्हणाली, "सर, रिकामी जागा समजण्यासाठी आधी काय होते ते ठाऊक असावे लागते. माझ्या आईला ती नुसती रिकामी छत्री दिसली असती. नेताजी तिला लगेच कळतील." सर हसले, पण माघार घेतली नाही. मला दोघांचेही पटते, आणि हा माझा दुबळेपणा असेल.

पण इंडिया गेटचे खरे वैभव दोन्ही बाजूंच्या हिरवळीत आहे. रस्त्याच्या कडेने जांभळांच्या रांगा. राजाची मिरवणूक निघावी, दुतर्फा प्रजेने अंतर राखून उभे राहावे, एवढ्यासाठी ही जागा आखली गेली. आणि प्रजेने तिच्यावर सतरंज्या अंथरल्या. भुईमुगाच्या शेंगा, फुगे, आजीच्या मांडीवर झोपलेले मूल, ओळीने बसून फोटो काढून घेणारी खेड्यातली मंडळी. १९८८ च्या ऑक्टोबरात महेंद्रसिंह टिकैत यांच्या मागे आलेले हजारो शेतकरी बोट क्लबच्या हिरवळीवर आठवडाभर मुक्काम ठोकून होते. पुढे तेथे सभा-मोर्चांना बंदी झाली व ती मंडळी जंतरमंतरकडे वळली. म्हणजे गवतालाही परवानगी लागते. त्यावर शेंगा खाता येतात, घोषणा देता येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी उत्तरेकडून दक्षिणेकडे यावयाचे ठरवून आम्ही प्रथम रिजवर गेलो. अरवली पर्वताची शेपूट दिल्लीत येऊन संपते, ती ही टेकडी. आज ती दाट झाडीची आहे आणि वानरे अंगावर येतात. १८५७ नंतर लगेच काढलेल्या छायाचित्रांत मात्र ती उघडीबोडकी, खडकाळ दिसते. येथली झाडी बव्हंशी मागाहून लावलेली आहे, आणि तीत आपल्याकडे जिला वेडी बाभूळ म्हणतात ती मेक्सिकोकडची परदेशी बाभूळ मनसोक्त पसरली आहे. तिच्या खाली दुसरे काही वाढू देत नाही म्हणतात. हिरवे दिसते ते सारे रान नव्हे, हा धडा येथे मिळाला.

याच टेकडीवर तळ देऊन इंग्रजांनी १८५७ मध्ये दिल्ली परत घेतली, आणि १८६३ साली तांबड्या दगडाचा उंच मनोरा उभारून आपल्या मृतांची नावे कोरली. कोरीव मजकुरात आपल्या सैनिकांना 'शत्रू' म्हटले आहे. स्वतंत्र भारताने तो मनोरा पाडला नाही. १९७२ साली शेजारी आपली पाटी लावली, की ज्यांना येथे शत्रू म्हटले आहे ते परकीय सत्तेविरुद्ध शौर्याने लढलेले वीर होत. मनोऱ्याचे नाव अजितगड ठेवले. खोडून लिहिण्यापेक्षा खाली टीप देणे मला अधिक सुसंस्कृत वाटते. इतिहासाच्या विद्यार्थ्यास तर फारच सोयीचे.

जवळच अशोकाचा एक स्तंभ आहे. मूळचा मीरतचा, फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात तो दिल्लीस आणला, अठराव्या शतकाच्या आरंभी स्फोटात त्याचे तुकडे झाले, काही भाग कलकत्त्याची वारी करून आला आणि १८६७ साली तो पुन्हा उभा राहिला. आणि शेजारी हिंदुराव रुग्णालय. पाटी वाचून आम्ही कोल्हापूरकडची मंडळी थबकलोच. हे हिंदुराव म्हणजे कागलचे हिंदुराव घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. येथली हवेली त्यांनी घेतली आणि सत्तावन्नच्या थोडे आधी ते वारले. त्या युद्धात 'हिंदुरावाचा वाडा' हे इंग्रजांच्या फळीतले मुख्य ठाणे झाले. कागलच्या माणसाचे नाव आज दिल्लीचा रिक्षावाला दिवसातून दहादा उच्चारतो, पण ते कुणाचे, हे आम्ही विचारलेल्या एकालाही सांगता आले नाही. कागल जवळ असून आम्हांला तरी कुठे ठाऊक होते!

टेकडी उतरून अलीपूर रस्त्यावर आलो. २६ क्रमांक. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजी येथे निवर्तले. तो बंगला आता नाही. त्या जागी उघड्या पुस्तकाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक १३ एप्रिल २०१८ रोजी खुले झाले. ते पुस्तक म्हणजे संविधान. स्मारक भव्य आहे, बाग नीटनेटकी आहे. पण माझ्या मनात वेगळाच विचार आला. दुपारी आम्ही यमुनेकाठी राजघाटावर जाणार होतो; तेथून पुढे शांतिवन, विजय घाट, शक्तिस्थळ अशी राष्ट्रीय नेत्यांच्या समाध्यांची हिरवीगार रांग लागते. ज्याने संविधानाचा मसुदा केला त्याची समाधी त्या रांगेत नाही. बाबासाहेबांचे पार्थिव विमानाने मुंबईस आणले गेले आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. आज चैत्यभूमीवर डिसेंबरात जो जनसागर लोटतो, तो राजधानीतल्या कुठल्याही राखीव हिरवळीवर मावला नसता, आणि त्याला तेथे तसे येऊही दिले नसते असे मला वाटते. चैत्यभूमीला गवत नाही, वाळू आहे.

दुपारी लाल किल्ला. शहाजहानने १६३९ ते १६४८ या काळात बांधला. दिवाण-ए-आमच्या मागे गेल्यावर मोकळ्या हिरवळी लागतात आणि त्यांच्या मधूनमधून महाल उभे आहेत. फार छान वाटते. पण हा मोकळेपणा शहाजहानचा नव्हे. १८५७ नंतर इंग्रजांनी आतील बहुतेक वाडे जमीनदोस्त केले, हयातबख्श बागेची दुर्दशा केली आणि बराकी बांधल्या. जी हिरवळ आपण पाहतो ती पाडलेल्या जनानखान्यांची, अंगणांची, कारखान्यांची जागा आहे. चालताना पायांखाली पाया असतो.

दिवाण-ए-खासमध्ये मात्र आमची पाळी आली. तेथे उभा असलेला एक वाटाड्या परप्रांतीय प्रवाशांना सांगत होता, की येथले छत चांदीचे होते आणि ते मराठ्यांनी काढून नेले. आम्ही मराठीत बोलत होतो. आम्ही गप्प झालो. मग एक जण हळूच म्हणाला, "नादिरशहाने १७३९ ला मयूरासन नेले ते नाही सांगत!" वाटाड्या तेही सांगत होताच, आम्ही आपलेच तेवढे ऐकले होते.

बाहेर गवतावर बसून सरांनी प्रकरण उलगडले. १७६० च्या ऑगस्टात सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. फौज मोठी, सोबत बाजारबुणगे आणि यात्रेकरू, खजिना रिकामा, पावसाळ्याने यमुना दुथडी. छत उतरवून चांदीचे रुपये पाडले आणि सैन्याचे पगार भागवले. पाच महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झाले. "हे समर्थन नव्हे," सर म्हणाले, "आणि आरोपही नव्हे. हे कारण आहे. खैरपूर उठवणाऱ्याजवळही कारण होतेच." लोदी उद्यानात मी ज्या प्रश्नाचे उत्तर दिले नव्हते तो असा परत आला. पाडणारे, नेणारे, उठवणारे नेहमी दुसरेच असतात, या भरवशावर मी दोन दिवस वही भरत होतो.

मग आम्ही दिल्लीत मराठ्यांच्या खुणा मोजू लागलो. महादजी शिंदे यांनी १७८४ नंतर बादशहाचा कारभार हाती घेतला. १७८८ साली गुलाम कादिराने शाहआलमचे डोळे काढले तेव्हा त्याला सोडविणारे मराठेच, आणि तेव्हापासून १८०३ पर्यंत या किल्ल्यावर शिंद्यांचा पहारा होता. त्या काळाची किल्ल्यात एकही पाटी आमच्या दृष्टीस पडली नाही. बाजीराव १७३७ साली ज्या तालकटोऱ्याच्या बाजूस येऊन ठेपला, तेथे आता बाग आणि क्रीडागृह आहे. ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०२५ च्या फेब्रुवारीत तेथेच भरले. आणि ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, त्या लढाईचा स्तंभ इंग्रजांनी उभारलेला आहे. तो आज यमुनेपलीकडे नोएडातील गोल्फच्या मैदानात, उत्तम राखलेल्या हिरवळीवर आहे. आमच्या हाती एवढेच लागले : एक रुग्णालयाचे नाव, एक क्रीडागृह, एक काढून नेलेले छत आणि शत्रूने उभारलेला आमच्या पराभवाचा खांब.

राजघाटावर पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. वानू भुता यांनी रचलेला काळ्या दगडाचा साधा चौथरा, वर आकाश, त्यावर 'हे राम' एवढीच अक्षरे, भोवती गवताचे उंचवटे. आसपासच्या बागेत परदेशी पाहुण्यांनी लावलेली झाडे आहेत. राणी एलिझाबेथ, आयसेनहॉवर, हो चि मिन्ह. एकमेकांशी न पटणारी माणसे एकाच पाण्यावर वाढली आहेत. यमुनाकाठी प्रत्येक नेत्यासाठी वेगळी समाधी नको, असे सरकारने २०१३ साली ठरवून सर्वांसाठी एक राष्ट्रीय स्मृतिस्थळ केले, कारण जागा संपत आली होती.

आणि ही जागा तरी कुणाची? शहाजहानच्या काळी यमुना लाल किल्ल्याच्या पूर्व तटाला लागून वाहत असे. बादशहा झरोक्यातून नदीच्या वाळूवर जमलेल्या लोकांना दर्शन देई. पुढे नदी पूर्वेकडे सरकली. तिने सोडलेल्या पात्रात रस्ते झाले, समाध्या झाल्या, हिरवळी झाल्या. १३ जुलै २०२३ रोजी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली. १९७८ च्या महापुराचा २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला. पाणी राजघाटाच्या आवारात शिरले आणि लाल किल्ल्याच्या मागच्या भिंतीपर्यंत जाऊन भिडले.

तेथे गवत कापणाऱ्या एका माळ्याला मी विचारले, पाणी आले तेव्हा तुम्ही होता का? तो होता. त्याने विळा खाली ठेवला, किल्ल्याच्या दिशेने हात केला आणि म्हणाला की नदी इथूनच गेली, तिला रस्ता ठाऊक होता. गाळ उपसायला फार दिवस लागले. हे गवत त्यानंतरचे आहे, नवीन लावलेले.